प्रसूती रजा महाग पडते की परतलेल्या बाईचा राजीनामा?

नमस्कार. महिला कामगारांच्या प्रसूती रजेवरील मागच्या व्हिडिओखाली कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतील लघुउद्योजकांनी एकच प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे, की त्यासाठी हा वेगळा भाग करावा लागला. "ताई, सहा महिने काम न करता पगार द्यायचा, तो आमच्यासारख्या लहान माणसाने कोठून आणायचा?" मी सांगलीत लहान कारखान्यांची पगारपत्रके, पीएफ आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) यांची कामे पाहते, त्यामुळे या प्रश्नामागची धास्ती मी रोज ऐकते आणि ती खरी आहे, हे मला मान्य आहे.

कायदा बहुतेकांना माहीत आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यात 2017 मध्ये सुधारणा झाली आणि पहिल्या दोन अपत्यांसाठीची रजा 12 आठवड्यांवरून 26 आठवड्यांवर गेली. मात्र ज्या आस्थापनेला ईएसआय लागू आहे आणि जिचे वेतन दरमहा 21,000 रुपयांपर्यंत आहे, अशा महिलेच्या रजेचे पैसे मालक देत नाही, कर्मचारी राज्य विमा महामंडळ देते. त्यासाठी आधीच्या दोन अंशदान कालावधींत (प्रत्येकी सहा महिन्यांच्या) तिचे किमान 70 दिवसांचे अंशदान, म्हणजे विम्याची वर्गणी, भरलेले असावे लागते. या वर्गणीत मालकाचा हिस्सा वेतनाच्या 3.25 टक्के, म्हणजे 15,000 रुपये पगारावर महिन्याला 487 रुपये 50 पैसे, आणि तो आपण पुरुष कामगारांसाठीही भरतोच. वेतन त्या मर्यादेपलीकडे असेल, तर रजेचा भार मालकावर येतो, हे मी लपवत नाही.

परंतु या व्यवसायात मला सर्वांत जास्त खटकणारी गोष्ट अशी, की मालक रजेचे 26 आठवडे बोटांवर मोजतात आणि 27 व्या आठवड्याकडे कोणीच पाहत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक राजीनाम्यांवरची तारीख रजेच्या काळातली नव्हती. बाई परत आली, महिना-दोन महिने तिने रेटून पाहिले आणि मग ती गेली.

हेच आता मालकाच्या वहीतून पाहू. समजा, तपासणी विभागात सहा वर्षे काम केलेली, 15,000 रुपये पगाराची कामगार सोडून गेली आणि तिच्या जागी आलेल्या मुलीचा हात बसायला तीन महिने लागले. त्या काळात काम निम्मे झाले, तर 22,500 रुपये केवळ पगारापोटी गेले. नाकारला गेलेला माल, पर्यवेक्षकाचा शिकवण्यात गेलेला वेळ आणि ग्राहकाकडून आलेली तक्रार यांचा हिशेब वेगळाच. इतक्या पैशांत परतलेल्या आईला दूध काढून ठेवण्यासाठी एका खोलीला आतून कडी, एक खुर्ची आणि एक जुना फ्रिज सहज होतो.

फ्रिज कशाला, असे एका दादांनी विचारले आहे. काढून ठेवलेले आईचे दूध 25 अंशांपर्यंतच्या तापमानात साधारण चार तास टिकते आणि सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडखाली 25 अंश कोठून मिळणार? दूध वेळेवर काढले नाही, तर छाती दाटते, दुखते, प्रसंगी ताप येतो, आणि अशा अवस्थेत मायक्रोमीटर हातात धरणाऱ्या बाईकडून अचूक मापाची अपेक्षा करणे हा तिच्यावर आणि मालावर, दोहोंवर अन्याय आहे. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दोन वेळा सुटी देणे कायद्यात आहे, परंतु ती सुटी घेऊन बसायचे कोठे, याचे उत्तर कारखान्यात असले पाहिजे. मी स्वतः एका कार्यालयात रजेवरून परतले, तेव्हा मला त्यासाठी स्वच्छतागृह दाखवण्यात आले होते. चौथ्या आठवड्यात मी राजीनामा दिला. माझ्या कामासाठी त्यांना पुढे दोन माणसे नेमावी लागली, आणि ते काम सोडल्याचे दुःख मला आजही आहे.

आणखी एक बाजू पाळीच्या वेळेची. सात वाजताच्या पहिल्या पाळीसाठी माधवनगरहून किंवा बुधगावहून येणाऱ्या बाईला सहाच्या आधी घर सोडावे लागते, त्या वेळी अंगणवाडी उघडलेली नसते आणि सासूबाई शेतात निघालेल्या असतात. पहिले तीन महिने तिला साडेआठची वेळ दिली, तर दीड तास जातो. न दिली, तर बाई जाते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ क्लॉडिया गोल्डिन यांना 2023 मध्ये अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला. स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतील आजची तफावत प्रामुख्याने पहिल्या अपत्यानंतर वाढते आणि ठरलेल्या वेळेचा ताठरपणा हे त्याचे मोठे कारण आहे, असे त्यांचे संशोधन सांगते. कुपवाडच्या हजेरीपुस्तकात मला तेच दिसते.

पाळणाघराबद्दल एक गैरसमज प्रत्येक व्हिडिओखाली येतो: "आमच्याकडे बायका दहाच आहेत, आम्हाला लागू नाही." पाळणाघरासाठी कायद्यात 50 ची अट आहे, पण ही संख्या केवळ महिलांची नाही, स्त्री-पुरुष मिळून 50 किंवा अधिक कर्मचारी असले, की पाळणाघराची सोय करावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे लागते. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हीच मर्यादा आहे आणि सामायिक पाळणाघराची वाटही तेथे मोकळी ठेवलेली आहे. एकाच गल्लीतील चार-पाच कारखानदारांनी मिळून एक खोली आणि दोन सेविका ठेवल्या, तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च पेलण्याजोगा असतो. ज्यांची माणसे 50 पेक्षा कमी आहेत, त्यांनाही यात सामील होता येईल.

तासगावच्या एका ताईंनी लिहिले आहे, की बेदाण्याच्या शेडवर बायका साडीचा पाळणा बांधून निवडीला बसतात, त्यांना कोणता कायदा? हंगामी रोजंदारीचा प्रश्न अधिक अवघड आहे, आणि त्यावर घाईने उत्तर देणे मला योग्य वाटत नाही. मी तो स्वतंत्रपणे घेईन.

ज्यांच्याकडे या महिन्यात कोणी रजेवर जात आहे, त्यांनी तिच्या शेवटच्या आठवड्यात एक कागद करावा. परतल्यावर तिचे यंत्र किंवा टेबल कोणते, पहिल्या तीन महिन्यांची वेळ कोणती आणि दूध काढण्याची खोली कोणती, एवढे त्यावर लिहावे, खाली दोघांनी सही करावी आणि एक प्रत तिला घरी न्यायला द्यावी. त्या कागदाचा नमुना मी वर्णनात जोडला आहे.