गाडी कुणाची?

(पडदा काळा. नुसता बुलेटचा आवाज.)

हा जो आवाज येतोय ना, तो डोंबिवलीच्या फडके रोडवरचा आहे, पाडव्याच्या सकाळचा. आता चित्र येईल बघा. नऊवारी, नथ, डोक्याला फेटा, डोळ्यावर गॉगल आणि खाली साडेतीनशे सीसीची बुलेट. इथली नववर्ष स्वागतयात्रा गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली सुरू केली, मग गिरगाव, ठाणे, जिकडेतिकडे निघायला लागल्या, आणि मधे कधीतरी या बुलेटवाल्या पोरी त्यात आल्या आणि आता तर त्यांच्याशिवाय पेपरातला फोटोच पूर्ण होत नाही. गर्दी टाळ्या वाजवतेय, काका लोक मोबाईल वर धरून उभे आहेत, एक आजी पुढे आल्या आणि त्यांनी सरळ कडाकडा बोटं मोडली.

ही डावीकडची, मोरपिशी साडीतली, हिच्याकडे लक्ष ठेवा. हिला आपण परत भेटणार आहोत, दोन दिवसांनी, पेट्रोल पंपावर.

(पंप. तीच मुलगी, जीन्स आणि ऑफिसची बॅग.)

पंपावरचा पोरगा तसा चांगलाय, उर्मट वगैरे अजिबात नाही. नळी टाकीत घालता घालता विचारतो, "ताई, गाडी कुणाची? भावाची का?" ती म्हणते माझी. तो म्हणतो, "नाही म्हणजे, नावावर कुणाच्या?" ती म्हणते माझ्याच, हप्ते पण मीच भरते, बँकेचं नाव सांगू का? मग तो हसतो आणि मागच्या रिक्षावाल्याकडे बघतो, रिक्षावाला पण हसतो, आणि पाचशेचं पेट्रोल भरून होतं.

एवढंच. कुणी काही वाईट बोललं नाही, पण हा प्रश्न मला शूटिंगच्या चार महिन्यांत इतक्या जणींनी सांगितला की शेवटी फिल्मचं नावच ते ठेवलं. कुणाचंही नाव मात्र फिल्ममध्ये येणार नाही, तशी अटच होती. एक तर म्हणाली चेहरा दाखव खुशाल, नाव नको, गावाकडे सासऱ्यांना अजून माहिती नाहीये.

दुसरा प्रश्न, "झेपते का?"

आता हे जरा नीट सांगते कारण मला स्वतःला लय राग येतो याचा. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलोच्या आसपास. एवढी गाडी कुणीच उचलून चालवत नाही हो, पैलवान पण नाही. ती चाकावर चालते. अडचण असते ती उंचीची, सीट साधारण आठशे मिलिमीटरवर, म्हणजे पाच फूट एक इंचाच्या मुलीचे दोन्ही पाय सपाट टेकत नाहीत. मग काय करायचं, सिग्नलला सीटवर थोडं एका अंगाला सरकून एकच पाय पूर्ण टेकवायचा, दुसरा ब्रेकवर. बुटके पुरुष पण हेच करतात, त्यांना कुणी विचारत नाही पाय पुरतात का म्हणून.

आणि ती किक. जुन्या बुलेटची किक म्हणजे ताकदीचं काम असं सगळ्यांना वाटतं. या बघा या बाई, वय बावन्न, पुण्यातल्या एका शाळेत चित्रकला शिकवतात, गाडी वडिलांची, गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या पायात असलेली. कॅमेरा जरा जवळ घेतलाय. आधी किक हळूच दाबत न्यायची, डोळे अँपिअरच्या, म्हणजे करंट दाखवणाऱ्या काट्यावर. काटा मधे आला की थांबायचं. मग डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडणारा छोटा लिव्हर ओढायचा, किक अजून थोडी खाली, लिव्हर सोडायचा, किक वर येऊ द्यायची, आणि आता... (धडधड) बघितलंत? अंगात जोर असलेले दोन तरुण त्याच गाडीला आधी दहा मिनिटं लाथा मारत होते, ते मी एडिटमध्ये काढलंय, पोरं बरी होती बिचारी.

गाडी पडते पण, खोटं कशाला बोला. माझी पडलीये, भर चौकात, चढावर, सिग्नल सुटायच्या ऐन वेळी. चार माणसं धावत आली, तिघांनी गाडी उचलली आणि चौथा म्हणाला, "ताई, स्कुटी घ्या की." पोरगा गाडी पाडतो तेव्हा रस्त्यावर ऑइल सांडलेलं असतं आणि पोरगी पाडते तेव्हा तिला झेपत नसतं, हा हिशोब मला आजवर कुणी समजावून सांगितलेला नाही.

(जुना फोटो. लुनावर दोन बायका.)

स्कुटीचं म्हणाल तर महाराष्ट्रातल्या बायका गाडीवर काल-परवा बसलेल्या नाहीत. फिरोदियांच्या कायनेटिकने १९७२ साली लुना आणली, पन्नास सीसी, पॅडलवाली, आणि माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी शिक्षिका, नर्सबाई, एलआयसीतल्या बायका तिच्यावरून कामाला गेल्या. पुढे ऐंशीच्या दशकात कायनेटिक होंडा आली, बटण दाबलं की चालू. पुण्यात आज सकाळी नऊला कुठल्याही पुलावर उभे राहा, तोंडाला स्कार्फ बांधलेल्या बायकांची रांगच्या रांग दिसेल, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. गिअर आला की मात्र माना वळतात. मी लायसन्सला गेले तेव्हा एजंटने फॉर्मवर माझ्याआधीच 'विदाऊट गिअर'वर टिक करून ठेवली होती. विचारलं पण नव्हतं.

आणि ही गंमत बघा, मोटरसायकलच्या मागच्या चाकाला डाव्या बाजूला ती जाळी असते ना, साडी गार्ड. ती कंपनीची हौस नाहीये, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९, त्यातला नियम १२३, मागचं चाक निम्म्यापर्यंत तरी झाकलेलं पाहिजे, का, तर मागे बसलेल्या माणसाचे कपडे चाकात अडकू नयेत. मागे बसलेल्या. नियमात बाई हा शब्द नाही, पण बाजारात त्या जाळीला सगळे साडी गार्डच म्हणतात आणि खाली पाय ठेवायच्या पट्टीला लेडीज फूटरेस्ट. म्हणजे बाईची जागा गाडी फॅक्टरीतून निघतानाच नट-बोल्टने पक्की केलेली. माझ्या आईने तीस वर्षं बाबांच्या मागे एका बाजूला पाय सोडून प्रवास केला, तिला लक्ष्मी रोडची डावीकडची सगळी दुकानं क्रमाने पाठ आहेत, उजवीकडचं एक विचारा.

नऊवारीचं त्यामुळेच मला कौतुक वाटतं, फोटोसाठी नव्हे. काष्टा मारला की दोन्हीकडे पाय टाकून बसता येतं, हे कापड मुळात काम करणाऱ्या बाईचं आहे. पुण्याच्या रमिला लटपटे २०२३ च्या मार्चमध्ये नऊवारी नेसूनच मोटरसायकलवर जग फिरायला निघाल्या, तेव्हा लोकांना तो स्टंट वाटला. मला तर ते सहावारीपेक्षा कितीतरी सोयीचं वाटलं.

(रस्ता. पुढे बाई, मागे पुरुष.)

हे आम्ही दोघं. मागे बसलेला माझा नवरा, तो कॅमेरा धरणार होता म्हणून मागे बसला असं समजू नका, त्याला गाडी चालवायलाच आवडत नाही, झोप येते म्हणतो. आता माझ्यापेक्षा त्याला जास्त ऐकावं लागतं. सातारा रोडला एका ढाब्यावर थांबलो तर शेजारच्या टेबलावरून एक भाऊसाहेब अगदी प्रेमाने, "काय राव, वहिनींनी लायसन काढून घेतलं का तुमचं?" सोसायटीतले काका रोज संध्याकाळी, "आज पण ड्रायव्हर?" गॅरेजमध्ये तर कहर. मी सांगतेय की थर्डमधून फोर्थला टाकताना गिअर अडकतो, क्लच केबल बघ, आणि मेकॅनिक मान डोलावून त्याला विचारतो, "साहेब, काय प्रॉब्लेम आहे?" साहेब म्हणतात, मला माहिती नाही, मी मागे बसतो. मेकॅनिक परत त्यालाच विचारतो, किती किलोमीटर झाली? असं तीन वेळा.

त्याला मी कॅमेऱ्यासमोर विचारलं, लाज वाटते का रे? तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, लाज नाही वाटत, पण चौक आला की हात कुठे ठेवायचे तेच कळत नाही. हे मी फिल्ममध्ये ठेवलंय कारण खरं बोलला.

रस्त्यावरच्या पोरांचं काय सांगायचं, ते सगळ्यांना माहितीये. ओव्हरटेक केलं की इगो दुखावतो, मग मागून डिपर, मग बाजूला येऊन रेस, मग पुढे जाऊन उगाच ब्रेक. उपाय म्हणजे चहाच्या टपरीवर थांबायचं, जाऊ द्यायचं. यावर अजून फुटेज नको.

त्यापेक्षा मला कौतुकाबद्दल बोलायचंय. "आमची मुलगी नाहीच, मुलगाच आहे तो." हे बाप अभिमानाने सांगतात, छाती फुगवून, आणि मुलगी शेजारी उभी राहून हसते. त्या बुलेटवाल्या मोरपिशी साडीला मी विचारलं, कसं वाटतं गं? तर म्हणाली, दादाला गाडी येत नाही, त्याला कुणी मुलगी म्हणत नाही घरात.

२०११ साली उर्वशी पाटोळे यांच्या पुढाकाराने पुण्यात 'बायकर्णी' सुरू झाली, फक्त बायकांचा मोटरसायकल ग्रुप, नंतर देशभर पसरला. त्याआधी पण एकट्यादुकट्या बायका चालवतच होत्या की, पण एकट्या बाईला लोक विचारतात आणि दहा जणी ओळीने आल्या की आधी मोजतात. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनाला बीएसएफच्या, म्हणजे सीमा सुरक्षा दलाच्या, बायकांच्या 'सीमा भवानी' पथकाने राजपथावर २६ बुलेट काढल्या, गाडीवर उभ्या, आडव्या, पिरॅमिड. २०१९ ला बेंगळुरूच्या ऐश्वर्या पिसेने महिलांच्या गटात बाजा रॅलीचा, म्हणजे कच्च्या रस्त्यांवरच्या शर्यतींचा, एफआयएम (मोटरसायकल शर्यतींची जागतिक संघटना) वर्ल्ड कप जिंकला, मोटरस्पोर्टमधलं जगातलं टायटल आणणारी पहिली भारतीय. हे सगळं मी अभिमानाने सांगते, पण खरं सांगू का, माझी फिल्म बदलली ती पाटणला.

(पहाट. घाटाखालचा रस्ता. स्प्लेंडर, दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन.)

पाटण तालुक्यातली अनेक घरं अशी आहेत की पुरुष नवी मुंबईत माथाडी कामाला आणि घर, रान, म्हशी बाईच्या अंगावर. या मावशी त्यातल्याच. रोज पहाटे डेअरीला दूध घालायला स्प्लेंडरवरून जातात, साडी, वर नवऱ्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. मला वाटलं होतं की शहरातच एवढं ऐकावं लागतं तर इथं काय होत असेल. मावशी म्हणाल्या, "मुंबईस्नं पैसं येत्यात, पर दूध कोण घालणार? म्हशी काय मुंबईला जात्यात व्हय? पयल्यांदा पडले तवा समदी हसली. आता तीच म्हणत्यात, जाता जाता आमचं बी कॅन न्ये."

म्हणजे बाईने गाडी चालवणं कुणाला खटकतच नव्हतं, गाडीला कॅन असले की झालं. मग मी विचारलं, मावशी, नुसतं फिरायला कधी गेलात का गाडीवर? त्या एकदम मोठ्याने हसल्या. "फिरायला? अन् लोकं काय म्हणतील?"

आणि एवढ्यात माझ्याच तोंडातून निघालं, गाडी कुणाच्या नावावर आहे? निघून गेलं. चार महिने ज्याच्यावर फिल्म करतेय तोच प्रश्न. मागे कॅमेरामन खोकला. मावशी म्हणाल्या, "मालकांच्या. अन् कुणाच्या असणार?" आणि त्या म्हशीला पेंड घालायला गेल्या.

संध्याकाळी आम्ही ट्रायपॉड आवरत होतो तेव्हा त्या परत आल्या, म्हणाल्या एक सांगू का. पुढचं ऐका, चित्र नाहीये, तोंड दाखवायचं नाही अशा बोलीवर फक्त आवाज दिलाय त्यांनी.

(पडदा काळा. मावशींचा आवाज.)

"गेलते एकदा. कोयनानगरला. धरण बगायला. लगीन झाल्यापासनं ऐकत होते, जवळच हाय, पर कोण नेणार? डेअरीवर दूध घातलं अन् तशीच फुडं गेले. कॅन काडलं न्हाईत गाडीचं, मुद्दाम. कुनी इचारलंच तर वरच्या वाडीला दूध गोळा कराय चालले म्हणायचं. कुनी इचारलं न्हाई. बागंत बसले घटकाभर, धरण बगितलं, कायतरी मोठ्ठं हाय बघ. मग येताना ध्येनात आलं, कॅन रिकामं वाजत्यात. मोकळी आलेली कळणार. मग रस्त्याकडंला झरा हाय तितं थांबले, दोनी कॅन भरून घेतलं पान्यानं."

मी विचारलं, मग त्या पाण्याचं काय केलं?

"म्हशीला पाजलं."