टॉर्च धरणाऱ्याच्या हाती पेचकस द्या

श्रोतेहो, नमस्कार.

इस्त्री तापेनाशी झाली की घरात पहिलं वाक्य येतं, ‘जळली वाटतं, नवीन घेऊ.’ पुष्कळदा इस्त्रीला काहीही झालेलं नसतं. तुटलेली असते वायर, आणि तीही ठरलेल्या जागी: प्लगच्या तोंडाशी, नाहीतर इस्त्रीत शिरते तिथे. रोज तिथेच वाकून वाकून आतले तांब्याचे बारीक तंतू एकेक करून तुटतात. वरचं आवरण मात्र शाबूत दिसतं, म्हणून संशय येत नाही.

छताच्या पंख्याचंही तसंच. पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही. पण हलकेच ढकललं की सुरू होतो. अशा वेळी बहुधा कपॅसिटर, म्हणजे पंख्याला फिरायला जोर देणारा छोटा भाग, कमजोर झालेला असतो. मेन स्विच बंद करून तेवढ्याच मायक्रोफॅरडचा (हे त्याच्या क्षमतेचं माप) नवा बसवला की पंखा पूर्वीसारखा फिरतो. जास्त क्षमतेचा बसवून पंखा पळवायला मात्र जाऊ नये, मोटरमधलं तारेचं वेटोळं, म्हणजे वाइंडिंग, तापतं.

स्क्रू काढणं-लावणं कुणालाही जमतं. दोष कुठे आहे हे ओळखणं, ही खरी विद्या. आणि ती बघून येत नाही. आपल्याकडून इथेच चूक होते, असं मला फार वाटतं. घरातलं जाणतं माणूस दुरुस्तीला बसतं आणि पोराला सांगतं, ‘टॉर्च धर.’ पोर वर्षानुवर्षं टॉर्च धरतं. पेचकस काही त्याच्या हाती येत नाही, कारण आपल्याला घाई असते.

ती घाई सोडायला हवी. इस्त्रीचा प्लग बदलायचा असेल, तर ती भिंतीपासून सोडवा आणि पुढचं काम मुलाला किंवा मुलीला करू द्या. वायर सोलताना दोन-चार तंतू कापले जातील. जाऊ देत, पुन्हा सोलता येते. अर्थिंगची, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत नेणारी, वायर बाकी दोन वायरींपेक्षा जरा लांब ठेवायला सांगा, आणि का तेही सांगा: उद्या कुणी हिसका दिला आणि वायरी निसटल्या, तर अर्थिंग सगळ्यात शेवटी सुटावं. झालेलं काम मात्र वीज लावण्याआधी जाणत्याने तपासायचंच.

२००९ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा या पत्रकार बाईंनी पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. तिथे वस्तू ठेवून निघून जायचं नसतं. दुरुस्त करणाऱ्याशेजारी बसून आपणही हात लावायचा असतो. मला त्यातलं हे शेजारी बसणं सगळ्यात मोलाचं वाटतं.

रफूही असंच शेजारी बसून शिकण्याचं काम. दोरा त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून काढायचा, भोकाच्या कडेपासून थोडं लांब, धड कापडात सुरुवात करायची, आधी उभे टाके, मग त्यांतून एक वर एक खाली असे आडवे. दोरा किती सैल सोडायचा, हे बोटांनाच कळतं.

नवशिक्याला सुरुवातीला भंगारात निघालेली वस्तू द्या, बिघडण्याची भीती राहत नाही. सेलचं भिंतीवरचं घड्याळ चांगलं. मायक्रोवेव्ह कधीही नको. वीज काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार उरलेला असू शकतो. उघडण्याआधी फोटो काढायला लावा, आणि निघालेले स्क्रू त्याच क्रमाने कागदावर मांडून ठेवायला सांगा.