ट्रॉलरचं जाळं, भोकं आणि कुटाची मासळी

हे बघा, लसूण येतो ना ती जाळीची पिशवी. आत्ता हिची भोकं कशी मस्त मोकळी दिसतायत, आता दोन्ही टोकं धरून ओढतो... गेली, मिटली सगळी. ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणारी मासेमारीची बोट, तिच्या जाळ्याचं नेमकं हेच होतं, आणि आजचा व्हिडिओ या भोकांवरच आहे.

ट्रॉल म्हणजे हेच जाळं, एक भलंमोठं नरसाळं समजा, तोंड उघडं राहावं म्हणून दोन बाजूंना दोन जड फळ्या, मागे शेपटाला एक पिशवी तिला म्हणतात खोला, आणि हे सगळं समुद्राच्या तळाला घासत तासन् तास ओढायचं. हवी असते कोळंबी, पण तळाला कोळंबी काय एकटी राहते का? सोबत ढोम्याची पिल्लं, बोटभर मुशी, खेकडे, शिंपले, सिंधुदुर्गाकडे तर समुद्री सापसुद्धा. खोला डेकवर सोडला की ढीग पडतो, खलाशी उकिडवे बसून विकाऊ माल वेचतात, बाकीचं फावड्याने परत पाण्यात. त्यातलं बरंचसं मेलेलंच असतं.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेचा 2019 चा अंदाज आहे, जगात वर्षाला साधारण 91 लाख टन मासळी अशी फेकली जाते आणि त्यातली 46 टक्के एकट्या तळाच्या ट्रॉलची.

आपल्याकडे फेकणं आता कमी झालंय. खूश झालात? थांबा. कमी झालंय कारण त्या चिल्लर मासळीलाही गिऱ्हाईक मिळालंय, ती जेटीवर उतरते, फिशमीलच्या कारखान्यात जाते, तिचं कूट होतं, शेंगदाण्याचं करतो तसंच, आणि ते जातं कोंबड्यांच्या आणि तळ्यातल्या कोळंबीच्या खाद्यात. म्हणजे पिल्लू मेलं ते मेलंच, फक्त फेकलेल्याच्या हिशोबात आलं नाही. वर त्याला भाव आला म्हटल्यावर ते जाळ्यातून सुटावं असं कुणाला वाटेल, सांगा ना.

आता उपाय. जाळ्याच्या भोकाला मच्छीमार आस म्हणतात. नेहमीची आस शंकरपाळ्याच्या आकाराची, म्हणून ताण आला की मिटते आणि पिल्लं आतच अडकतात. हा दुसरा तुकडा मी तिरका कापलाय, म्हणजे भोकं चौकोनी बसली. ओढतो... बघा, उघडीच! खोल्याला अशी 40 मिलिमीटरची चौकोनी आस लावा असा आपल्या राज्यात नियम आहे. शिवाय 2023 मध्ये सरकारने 54 जातींसाठी किमान आकारही ठरवून दिला, त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही. चांगलंय, पण मासा मोजणार कुठे, जेटीवर ना? तोवर तो बर्फात पडलेला असतो. म्हणून मला विचाराल तर माशाआधी जाळं तपासा.

एका तांडेलाला, म्हणजे बोटीच्या कप्तानाला, मी हेच ऐकवलं. तो हसला. म्हणाला, "भाऊ, डिझेल माझं, बर्फ माझा, खलाशांना पैसे मी द्यायचे. चौकोनी आस लावली की बारकी कोळंबीपण सुटते, आणि मी सोडलेली ती शेजारचा ट्रॉलर उचलतो. सगळ्यांना एकाच दिवशी लावायला लावा, मी पहिला लावतो."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. चहाचे पैसेही त्यानेच दिले.