खुराडं थंडीसाठी बांधा, पण मे महिना लक्षात ठेवून

नमस्कार श्रोतेहो. २९ डिसेंबर २०१८ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. आणि याच शहरात मे महिन्यातले ४५ अंश म्हणजे नेहमीचीच गोष्ट. परसातलं खुराडं या दोन्हींसाठी एकच असणार, म्हणून थंडीच्या धाकाने चारही बाजूंनी विटा रचून बसू नका.

मोठ्या कोंबडीच्या अंगात ४१ अंशांच्या आसपास ऊब असते आणि पिसं फुलवून ती ऊब ती धरून ठेवते. अंग कोरडं असेल तर आठ-दहा अंशांची रात्र तिला जड जात नाही. तिला मारते ती ओल आणि अंगावर येणारा वारा. रात्रभर श्वासातून, विष्ठेतून वाफ निघते. खुराडं गच्च बंद असलं की ती आतच कोंडते, खालचं तूस भिजतं, अमोनिया सुटतो आणि कोंबड्या घरघरायला लागतात. आपण मात्र म्हणतो, थंडी बाधली.

आता मापं. बारा कोंबड्या धरा. एकीला अडीच चौरस फूट, म्हणजे ३० चौरस फूट. सहा बाय पाच. सहा फुटांची बाजू पूर्व-पश्चिम ठेवा. उत्तरेची भिंत भरीव करा, विटांची किंवा शेणमातीने लिंपलेल्या तट्ट्याची, वर छपराखाली सहा इंच जाळी सोडून. दक्षिणेला दीड फूट भिंत आणि वर सगळी जाळी. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे ऊन आतपर्यंत येतं. मेच्या शेवटी तो भर दुपारी नागपूरच्या जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा छपराची दीड फुटाची वळचण सावलीला पुरते. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या छिद्रांतून उंदीर आणि लहान मुंगूस सहज आत येतात.

टिनाचं छप्पर रात्री गार पडतं आणि आतली वाफ त्याला लागून थेंब-थेंब खाली गळते. म्हणून पत्र्याखाली दोन इंच अंतर ठेवून बांबूचा तट्टा बसवा.

सगळ्यात जास्त चूक होते ती पडद्यात. पोती वरून लोंबती सोडली की खाली फट राहते आणि गार वारा नेमका कोंबडीच्या अंगावर येतो. उलट करा. पोत्यांची खालची कड भिंतीला ठोका, वरची कड काठीला शिवून दोरीने वर ओढा आणि वर सहा इंच मोकळे सोडा. वाफ तिथून जाईल. प्लास्टिक लावू नका, त्याला आतून पाणी सुटतं. सकाळी ऊन आलं की पडदा खाली.

बसायला दोन इंच रुंद, चपट्या पट्ट्या, कडा घासलेल्या. एकीला आठ इंच जागा लागते, तेव्हा सहा फुटांच्या दोन पट्ट्या भरपूर झाल्या. दोन्ही एकाच उंचीवर ठेवा, नाहीतर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी मारामारी. वरच्या जाळीचा झोत त्यांच्या डोक्यावरून किमान फूटभर जाऊ द्या.

खाली चार इंच धानाचं तूस. एक मूठ दाबून बघा: गोळा झाला तर ओल आहे, तेवढं काढून कोरडं टाका. आणि सकाळी पडदा काढण्याआधी कोंबडीच्या उंचीला वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर हवा कमी पडते आहे.

डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा, अंड्यांसाठी मात्र चौदा तास उजेड हवा. नऊ वॅटचा एलईडी पहाटे चारला लावा. संध्याकाळी नको, तो एकदम विझला की कोंबड्यांना अंधारात पट्टी सापडत नाही. पण हाच एलईडी पिल्लांच्या उबेला उपयोगाचा नाही, तिथे तापणारा जुना पिवळा बल्बच हवा. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर तो खाली घ्या, कडेला पळाली तर वर. कोळशाची शेगडी मात्र आत नेऊच नका, धुराने पिल्लं मरतात.

फेब्रुवारीच्या शेवटी पोती काढून धुवा, वाळवा आणि जपून ठेवा. मे महिन्यात तीच ओली करून त्याच जाळीला बांधायची आहेत.