अडसर सरकल्यानंतर

गोव्यातल्या फोंडा तालुक्यातील एका जुन्या घराचे दार अजूनही अडसराने बंद होते. भिंतीतल्या खोबणीतून लाकडी दांडा ओढायचा आणि समोरच्या खाचेत बसवायचा; पिढ्यापिढ्यांच्या हातांनी त्याचा मधला भाग गुळगुळीत झाला आहे. दिवसा मात्र दार सताड उघडे असते, शेजारीपाजारी सोप्यावर येऊन बसतात आणि कोणी कुठवर आत यायचे, हे न सांगताच ठरलेले असते. परका माणूस घरात घुसून घरच्यांना ओलीस धरतो, अशा थरारपटांची सारी मदार याच न सांगितलेल्या मर्यादेवर असते.

असा घुसखोर चोरासारखा घाईत नसतो. तो पलंगावर बसतो, कपाटातले कपडे हाताळतो, आणि शयनगृहापर्यंत पोहोचला की दिग्दर्शकाचीही परीक्षा सुरू होते. घरातल्या बाईची भीती दाखवायची की तिचा देह? देह दाखवणे हा दचकवण्याचा सोपा मार्ग असल्याने अनेक चित्रपटांत कॅमेरा नकळत घुसखोराच्या डोळ्यांनी पाहू लागतो, आणि मग प्रेक्षकाला बसलेला धक्का व त्याला मिळालेली चटक यांतला फरक पुसला जातो.

अमेरिकन दिग्दर्शक सॅम पेकिनपा यांचा ‘स्ट्रॉ डॉग्ज’ 1971 साली आला. इंग्लंडमधील कॉर्नवॉलच्या एका खेड्यात राहायला आलेल्या जोडप्याची ही गोष्ट असून तीत पत्नीवर तिच्याच घरात दोन पुरुष बलात्कार करतात. पहिला तिचा जुना प्रियकर असतो आणि त्या प्रसंगात तिची प्रतिक्रिया पेकिनपा यांनी संदिग्ध ठेवली. चित्रपटावरचा सर्वांत गंभीर आक्षेप हाच आहे, आणि तो रास्त आहे. दुसऱ्या प्रसंगातील यातनेबद्दल मात्र शंकेला जागाच नव्हती. अमेरिकेतील प्रदर्शनासाठी कात्री लागली ती नेमकी या दुसऱ्या प्रसंगाला, आणि उरलेल्या दृश्यातून तिला ते हवेच होते असा भास अधिक गडद झाला. ब्रिटिश परिनिरीक्षण (सेन्सॉर) मंडळाने 1999 मध्ये व्हिडिओसाठी आलेल्या या कापलेल्या आवृत्तीला प्रमाणपत्र नाकारले आणि 2002 मध्ये संपूर्ण आवृत्तीला ते दिले. दृश्य कापले की ते सौम्य होते, असे मानणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हा उलटा हिशेब जरूर पाहावा.

ऑस्ट्रियन दिग्दर्शक मिशाएल हानेके यांनी 1997 च्या ‘फनी गेम्स’मध्ये वेगळी वाट धरली. तळ्याकाठच्या घरात दोन तरुण शिरतात ते अंडी मागण्याच्या, म्हणजे शेजारधर्माच्या निमित्ताने. पुढे ते घरातल्या आईला कपडे उतरवायला लावतात. त्या वेळी कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलत नाही. गोळी सुटते तेव्हाही आपण स्वयंपाकघरात, खायला करून घेणाऱ्या दुसऱ्या तरुणापाशी असतो आणि आपल्याला नुसता आवाज ऐकू येतो. हा घुसखोर मधूनच प्रेक्षकांकडे पाहून डोळा मिचकावतो, तेव्हा हानेके आपल्याला जरा अधिकच दटावतात असे वाटते खरे. पण देह न दाखवता आलेली ती लाज अंगावर राहते.

गोव्यात 2004 पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवातील चित्रपटांना परिनिरीक्षणातून सूट मिळते. तरीही कलाविद्यार्थ्यांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या बाईची कथा सांगणारा रवी जाधव यांचा मराठी ‘न्यूड’ 2017 मध्ये निवड समितीने निवडूनही ‘इंडियन पॅनोरमा’ या महोत्सवातल्या भारतीय चित्रपटांच्या विभागातून वगळला गेला. त्यात ना कोणी दार फोडत होते, ना कोणाला ओलीस धरत होते.

देहाला हात न लावताही या प्रकारात काय साधता येते, ते राम गोपाल वर्मा यांच्या 1999 च्या ‘कौन’मध्ये दिसते. एक घर, कोसळणारा पाऊस, तीन माणसे आणि एकही गाणे नाही. दार उघडावे की उघडू नये, या एका प्रश्नावर बराच काळ चित्रपट चालतो, आणि अखेरीस कळते की मारेकरी आहे ती दाराआड थरथरत उभी असलेली बाईच.