चुकायचं तर रिचर्डसनसारखं

खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. कॉलेजात असताना आम्हाला तिथे सहलीला नेलं होतं. मोठ्या शेडमध्ये सिमेंटची नदी. तिच्यावर माझ्या मांडीएवढं धरण. एक मामा खराटा घेऊन नदीच्या पात्रातली पानं झाडत होते. त्यांचं झाडून झालं, कुणीतरी व्हॉल्व्ह उघडला आणि सांडव्यावरून पूर आला. आमच्यातल्या एकाने विचारलं, "सर, हा केवढा पूर?" तिथले इंजिनिअर म्हणाले, "सेकंदाला दहा हजार घनमीटर." आम्ही फिदीफिदी हसलो. विहिरीवरच्या सात-आठ मोटारी एकदम सुरू केल्या तर जेवढं पाणी पडेल, तेवढंच ते होतं.

त्या इंजिनिअरांनी खडू मागवला आणि तिथल्याच भिंतीवर हिशेब मांडला. तो आज तुम्हाला सांगतो, कारण आजच्या विषयाची, म्हणजे शास्त्रातल्या मॉडेलांची, सगळी गंमत त्यात आहे. धरण शंभरपट लहान केलंय. म्हणजे पाण्याचा वेगही शंभरपट कमी? नाही. तो शंभराच्या वर्गमूळाने, म्हणजे दहापटच कमी करायचा. वाहतं पाणी गुरुत्वाकर्षणाने खाली येतं आणि उंचीचा आणि वेगाचा संबंध वर्गमूळाचा असतो. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने एकोणिसाव्या शतकात जहाजांची छोटी मॉडेलं हौदात ओढून हा नियम पक्का केला. आता विसर्ग काढा. रुंदी शंभरपट कमी, खोली शंभरपट कमी, वेग दहापट कमी. गुणाकार एक लाख. दहा हजार घनमीटरला एक लाखाने भागा, सेकंदाला शंभर लिटर येतात. आम्ही ज्याला हसलो होतो तो खरोखरच दहा हजार घनमीटरचा पूर होता. वेळही दहापट आखडतो. खऱ्या नदीवर चोवीस तास चालणारा पूर शेडमध्ये दोन तास चोवीस मिनिटांत निघून जातो, लोकांचा चहा व्हायच्या आत.

यानंतर ते जे म्हणाले ते मी आजवर विसरलेलो नाही. "आता हे कुठे खोटं बोलतं तेही ऐका." पाण्याचा चिकटपणा आम्ही शंभरपट कमी केलेला नाही, करता येत नाही, पाणी तेच आहे. पाण्याचा थर फार पातळ झाला तर पृष्ठताण आडवा येतो, जो खऱ्या नदीत कुणाच्या खिजगणतीत नसतो. आणि वाळू! नदीतला वाळूचा कण समजा ०.२ मिलिमीटरचा आहे. तो शंभरपट बारीक केला की ०.००२ मिलिमीटरचा होतो. ती मग वाळू राहत नाही, चिकणमाती होते, आणि चिकणमाती वाळूसारखी वाहून जात नाही, एकमेकींना धरून बसते. म्हणून वाळूच्या जागी कोळशाचा चुरा किंवा तसलंच काही हलकं द्रव्य वापरतात. म्हणजे सांडव्याबद्दल विचारलंत तर हे मॉडेल भरवशाचं, गाळाबद्दल विचारलंत तर जपून.

मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची छोटी नक्कल, असं आपल्याला वाटतं. दिवाळीतल्या किल्ल्यासारखं. तसं असतं तर वाळूसुद्धा बारीक केली असती. वाळूच्या जागी मुद्दाम कोळसा घालणारा माणूस नक्कल करत नाहीये. त्याच्यापुढे एक विशिष्ट प्रश्न आहे आणि त्या प्रश्नापुरतं काय राखायचं आणि काय सोडायचं हे तो ठरवतोय. आणि जे सोडलं त्याची यादी त्याच्या खिशात आहे. ही यादी खिशात असणं म्हणजे काय, आणि नसली तर काय होतं, ते पावसाच्या निमित्ताने बघू. पावसात आपल्या सगळ्यांचाच जीव अडकलेला असतो.

पुण्यात शिवाजीनगरला सिमला ऑफिस आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, मग ते सिमल्याचं ऑफिस, म्हणून सिमला ऑफिस. चौकालाही तेच नाव पडलं. हे ऑफिस सिमल्यात होतं तेव्हा, १९०४ ते १९२४ या काळात, त्याचे प्रमुख होते गिल्बर्ट वॉकर. केंब्रिजचे गणिती. बूमरँग कसं उडतं यावर त्यांनी अभ्यास केला होता, हवामानाचा नव्हे. त्यांच्यापुढे प्रश्न आला की यंदाचा मान्सून कसा जाईल हे आधी सांगता येईल का. मान्सून का येतो याची समीकरणं सोडवण्याची सोय तेव्हा नव्हती. मग त्यांनी कारकून बसवले, जगभरच्या नोंदी मागवल्या, आणि कुठल्या गावचा हवेचा दाब आपल्या पावसाबरोबर वरखाली होतो याचे सहसंबंध काढत गेले. त्या ढिगाऱ्यातून त्यांना प्रशांत महासागरावरच्या हवेच्या दाबाचा तो प्रचंड झोका सापडला, ज्याला आज आपण एल निनोच्या, म्हणजे त्या महासागराचं पाणी काही वर्षांनी एकदा नेहमीपेक्षा जास्त तापण्याच्या, जोडीने ओळखतो. मोठाच शोध.

वॉकर मुळात गणिती होते, त्यामुळे या पद्धतीतला खड्डा त्यांना दिसत होता. तुम्ही शंभर गोष्टी तपासल्या, तर पावसाशी काडीचाही संबंध नसलेल्या चार-पाच गोष्टी केवळ योगायोगाने 'जुळलेल्या' दिसतील. म्हणून पुष्कळ सहसंबंधांतून सर्वांत मोठा निवडून काढलात तर त्याची परीक्षा जास्त कडक घ्या, असं त्यांनी १९१४ मध्येच लिहून ठेवलंय.

आता १९८८ मध्ये या. आपले वसंत गोवारीकर आणि त्यांचे सहकारी यांनी सोळा घटकांचं मॉडेल दिलं. हिमालयातलं बर्फ, युरेशियातलं बर्फ, एल निनो, ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरातला हवेचा दाब, अगदी अर्जेंटिनातला दाबसुद्धा. सोळा घटक एका समीकरणात घालायचे आणि देशभरच्या चार महिन्यांच्या पावसाचा एक आकडा काढायचा. वर्तमानपत्रांत ते सोळा घटक छापून यायचे, चहाच्या टपरीवर लोक म्हणायचे, "सोळापैकी दहा अनुकूल आहेत म्हणे." माझ्या मते विज्ञानाचं एवढं सार्वजनिक बोलणं आपल्याकडे क्वचितच झालं असेल, आणि त्याचं श्रेय त्या मंडळींना द्यायलाच हवं. वर्षामागून वर्ष मान्सून साधारण ठीक गेला आणि अंदाजही साधारण ठीक आला.

मग २००२ आलं. अंदाज होता सरासरीच्या १०१ टक्के. जून बरा गेला. जुलैत पाऊस गायबच झाला, देशात त्या महिन्यात जेमतेम निम्मा पडला. हंगाम संपला तेव्हा आकडा होता ८१ टक्के.

चूक झाली याचं मला एवढं वाटत नाही. पुढचं कोडं जास्त त्रासाचं होतं. मॉडेल उघडून विचारायचं म्हटलं की बाबा रे, तू कुठे चुकलास, तर आत विचारायला कुणी नव्हतं. सोळा आकडे आणि त्यांचे गुणक. त्यांतला कुठला आकडा का फसला, नातं तुटलं की नातं मुळात नव्हतंच, हे समीकरण सांगू शकत नव्हतं. हवा कुठून कुठे गेली हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. पुढच्याच वर्षी खात्याने घटक बदलून नवी मॉडेलं आणली. २००४ मध्ये पुन्हा सरासरीएवढ्या पावसाचा अंदाज होता आणि पुन्हा मोठी तूट आली.

याला जोडून आणखी एक कोडं होतं. १९९७ साली शतकातला एक जबरदस्त एल निनो होता. सगळ्यांनी दुष्काळाची धास्ती घेतली होती. पाऊस पडला १०२ टक्के! आणि २००२चा एल निनो त्यामानाने मध्यम, तरी आपलं कंबरडं मोडलं. थोरला आला तेव्हा काही केलं नाही, आणि धाकट्याने घर लुटलं. असं का?

आता प्रयोग करून बघायचा म्हटला तर कसा करणार? प्रशांत महासागर काही खडकवासल्याच्या शेडमध्ये मावत नाही. त्याला शेगडीवर ठेवून तापवता येत नाही. इथे सिम्युलेशनचा, म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या जगावर प्रयोग करण्याचा, खरा उपयोग दिसतो. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले के. कृष्णकुमार आणि त्यांचे परदेशातले सहकारी यांनी २००६ मध्ये हे काम प्रसिद्ध केलं. आधी त्यांनी जुन्या नोंदी पाहिल्या. मध्य प्रशांत महासागर जास्त तापला त्या वर्षी भारतात दुष्काळ, आणि दक्षिण अमेरिकेकडचा पूर्व भाग जास्त तापला त्या वर्षी नाही, असं काहीसं त्यांना दिसलं. इथवर ही वॉकरसाहेबांचीच वाट. पण ते तिथे थांबले नाहीत. हवेच्या हालचालीची समीकरणं सोडवणारं संगणकातलं वातावरण घेतलं, त्याच्या खाली एकदा मध्यभागी तापलेला समुद्र ठेवला, एकदा पूर्वेला तापलेला, आणि बाकी काही बदललं नाही. समुद्र मध्यभागी तापलेला असताना त्या संगणकातल्या भारतावर हवा वरून खाली दबू लागली. खाली दबणाऱ्या हवेत ढग टिकत नाहीत. पूर्वेला तापवल्यावर हा परिणाम तितका झाला नाही.

इथे 'का' या प्रश्नाला उत्तर मिळालं. ते पूर्ण आहे असं मी म्हणत नाही. पण हे उत्तर तपासता येतं, त्यात हवा कुठून वर गेली आणि कुठे खाली आली हे लिहिलेलं आहे, ते खोटं असेल तर कुठे खोटं आहे हे कुणी दाखवू शकतो. पंचांगात मृगाचं वाहन बेडूक आहे म्हणून पाऊस चांगला असं लिहिलेलं असतं. माझी आजी ते वाचून दाखवायची, मला ते ऐकायला अजूनही आवडतं. फक्त पाऊस नाही आला तर बेडकाचं गणित कुठे दुरुस्त करायचं, हे कुणाला सांगता येत नाही.

चुकण्याचं माझं सगळ्यांत लाडकं उदाहरण आता सांगतो. लुईस फ्राय रिचर्डसन, इंग्रज गणिती. पहिलं महायुद्ध चालू आहे आणि हा क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचा माणूस बंदूक धरायला नकार देऊन फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवतोय. फावल्या वेळात हा हवामानाची समीकरणं हाताने सोडवतोय. त्याच्याकडे २० मे १९१०च्या सकाळच्या युरोपभरच्या नोंदी आहेत. त्यांवरून त्याच दिवशी सहा तासांत हवेचा दाब किती बदलेल ते काढायचं. दिवस उलटून काही वर्षं झालीत, खरं उत्तर ठाऊक आहे, फक्त पद्धत चालते का हे बघायचंय. कागद एकदा लढाईच्या धामधुमीत हरवले आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडले. आणि एवढं करून उत्तर काय आलं? सहा तासांत दाब १४५ मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळजवळ जागचा हललाच नव्हता. १४५ म्हणजे किती, तर मोठ्या चक्रीवादळाच्या पोटातसुद्धा दाब शंभरेक मिलिबारने उतरला तरी बातमी होते.

या माणसाने तो आकडा १९२२ साली पुस्तकात छापला. सगळ्या पायऱ्यांसकट. पीएच.डी.च्या किती प्रबंधांत असा आकडा छापला जाईल, हा विचार माझ्या मनात येतो, पण तो विषय राहू द्या. पायऱ्या छापल्यामुळे पुढच्यांना चूक शोधता आली. समीकरणं बरोबर होती. सुरुवातीच्या नोंदींमध्ये वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता, थोड्याशा विसंगतीतून खोट्या लाटा उठल्या आणि त्याने त्यांनाच हवामान समजून पुढे नेलं. आयर्लंडच्या पीटर लिंच यांनी नंतर त्याच नोंदी आधी नीट निवळून घेतल्या आणि रिचर्डसनचाच हिशेब पुन्हा केला. १४५चा आकडा एका मिलिबारच्या घरात आला. शंभर वर्षांपूर्वीची चूक दुरुस्त करून चालू करता आली. आजही दर दिवशी अंदाज काढण्याआधी नोंदींचा असा मेळ घालतात.

मेळ कितीही घातला तरी नोंद शेवटी नोंदच. १९६१च्या हिवाळ्यात अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांनी आपल्या छोट्या मॉडेलमध्ये ०.५०६१२७ ऐवजी छापील कागदावरचा ०.५०६ भरला, कॉफी प्यायला गेले, आणि परत येऊन बघतात तर संगणकातलं हवामान भलतीकडेच गेलेलं. म्हणून आता सुरुवात थोडी थोडी बदलून एकच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात, आणि 'पाऊस पडेल' ऐवजी 'शक्यता सत्तर टक्के' म्हणतात. लोक याला पळवाट म्हणतात. माझ्या लेखी तो प्रामाणिकपणा आहे. शक्यता सत्तर टक्के असं म्हटलेल्या दहा दिवसांपैकी दहाही दिवस पाऊस पडला, तर तो अंदाज चुकला असं मी म्हणेन.

हे सगळं मी एका व्याख्यानात सांगितलं, तेव्हा प्रश्नोत्तरांत मागून एका काकांनी विचारलं, "हे सगळं ठीक आहे सर, पण पेरू कधी ते सांगा." मी त्यांना म्हटलं, एप्रिलमध्ये देशाचा जो आकडा येतो त्यावर तुमच्या तालुक्यातली एक ओळसुद्धा पेरू नका, तो तुमच्यासाठी काढलेलाच नाही. कृषी विद्यापीठं सांगतात की पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. तेही एक मॉडेल आहे, एका ओळीचं. काका म्हणाले, "शंभर मिलिमीटर एका रात्रीत पडला आणि सगळा ओढ्याला गेला तर?" मी म्हटलं, मग ते चुकेल, आणि का चुकलं ते तुम्हीच आत्ता सांगितलंत. ते म्हणाले, "आम्ही मूठभर माती दाबून वाफसा बघतो." मी विचारलं, किती खोलवरची माती घेता? यावर त्यांच्या शेजारी बसलेल्या दोघांचं एकमत होईना. एक म्हणाला चार बोटं, दुसरा म्हणाला वीतभर. सभागृहाचे दिवे बंद करायची वेळ झाली तरी त्यांचं चालूच होतं.