ईस्टरची पौर्णिमा कुठल्या पंचांगातली?

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'ईस्टर आणि १५८२ ची कॅलेंडर-सुधारणा'. सुधारणेकडे येतोच, पण आधी एक गैरसमज दूर करू द्या. नाताळ दरवर्षी २५ डिसेंबरला, तेव्हा ख्रिस्ती सण तारखेचे आणि आपले तिथीचे, असं आपण बिनदिक्कत बोलतो. वसईतल्या किंवा गोव्यातल्या ख्रिस्ती घरात बोलून बघा! ईस्टर दरवर्षी हलतो, आणि तो हलला की ४६ दिवस आधीचा राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला दिवस, हलतो, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत चालणारा गोव्याचा कार्निव्हल हलतो, सगळी वरातच हलते. ईस्टर तिथीचाच सण आहे. तो मुळात यहुद्यांच्या वल्हांडणाला बांधलेला, आणि वल्हांडण निसान महिन्याच्या पौर्णिमेचं.

नियम बहुतेकांना पाठ असतो. वसंतसंपात, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखे होतात तो क्षण, त्याच्यानंतरची पहिली पौर्णिमा, तिच्यानंतरचा पहिला रविवार. बरं, मग २०१९ घ्या. आपल्या घड्याळाप्रमाणे २१ मार्चला पहाटे साडेतीनच्या सुमारास संपात झाला, सव्वासातच्या सुमारास पौर्णिमा पूर्ण झाली. आपण त्या दिवशी धुळवड खेळत होतो. म्हणजे ईस्टर २४ मार्चला हवा. झाला कधी? २१ एप्रिलला. माशी कुठं शिंकली?

तर चर्च आकाशाकडे बघतच नाही, कोष्टकाकडे बघतं. संपात कायमचा २१ मार्चला ठोकून ठेवलेला. पौर्णिमा काढायची १९ वर्षांच्या चक्रातून. १९ वर्षांत चांद्रमास बसतात २३५. बारा गुणिले एकोणीस २२८, वर उरले सात. हे सात कोण? आपले अधिक महिने! २००४ मध्ये अधिक श्रावण होता, २०२३ मध्ये पुन्हा अधिक श्रावण. अनारसे खाल्लेल्या जावयांना आठवत असेल. २०१९ मध्ये कोष्टकातली मार्चची पौर्णिमा पडली २० तारखेला, एक दिवस अलीकडे. ती बाद. पुढची १८ एप्रिलला, गुरुवारी, आणि रविवार २१ चा.

कागद असेल त्यांनी करून बघा. २०२६ ला १९ नं भागा, बाकी १२. त्यात एक मिळवा, १३. हा त्या वर्षाचा सुवर्णांक. सध्याच्या कोष्टकात १३ समोर २ एप्रिल आहे. तो गुरुवार, म्हणून ईस्टर ५ एप्रिल. हनुमान जयंतीही त्याच २ तारखेला, हे जाता जाता. आता २०२५. सुवर्णांक १२, पौर्णिमा १३ एप्रिल, आणि तोच रविवार. इथं हमखास चूक होते. पौर्णिमा रविवारीच आली तर तो रविवार सोडायचा, पुढचा धरायचा. ईस्टर २० एप्रिल. दरसाल ही पौर्णिमा साधारण ११ दिवस मागे येते, आणि २१ मार्चच्या अलीकडे जायला लागली की १८-१९ दिवस पुढे उडी मारते.

आता कोणी म्हणेल, कोष्टक कशाला, खरा चंद्रच बघा की. जर्मनीतल्या प्रोटेस्टंटांनी नेमकं हेच केलं. पोपनं १५८२ मध्ये सुधारलेलं कॅलेंडर घ्यायचं तर नाक खाली होतं, आणि न घ्यावं तर बाजारात पंचाईत. मग १७०० मध्ये त्यांनी १८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च केला, दिवस पोपचेच घेतले, पण ईस्टरची पौर्णिमा मात्र खगोलशास्त्रज्ञ केपलरच्या ग्रहगणिताच्या 'रुडॉल्फीय सारणी'वरून काढायची ठरवली. शास्त्रशुद्ध! १७२४ साल उजाडलं. केपलरच्या गणितानं पौर्णिमा शनिवारी, ८ एप्रिलला. कोष्टकानं रविवारी, ९ एप्रिलला. फरक एका दिवसाचा, पण मघाचा नियम आठवा. प्रोटेस्टंटांचा ईस्टर ९ ला, कॅथलिकांचा १६ ला. ७ एप्रिलला सॅक्सनीतल्या लायपझिगमध्ये गुड फ्रायडे, संगीतकार बाखचं 'सेंट जॉन पॅशन' पहिल्यांदा गायलं जातंय, आणि त्याच सॅक्सनीचा शासक कॅथलिक, त्याच्या घरी अजून झावळ्यांचा रविवारसुद्धा, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, आलेला नाही. टिळक पंचांग मानणाऱ्या घरी काही वर्षी गणपती महिनाभर आधी येऊन जातात, तेव्हा शेजारच्यांचा चेहरा कसा होतो? तसंच. १७४४ मध्ये पुन्हा हेच झालं. अखेर १७७६ मध्ये त्यांनी खरा चंद्र सोडला आणि मुकाट्यानं कोष्टक घेतलं.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. ठीक, सुधारणा पाच मिनिटांत.

१५८२ च्या आधीचं, ज्युलियन कॅलेंडरचं वर्ष ३६५.२५ दिवसांचं, खऱ्या सौरवर्षापेक्षा ११ मिनिटं मोठं. सुमारे १२८ वर्षांत एक दिवस चुकतो. इसवी सन ३२५ मध्ये नायसिया इथं भरलेल्या चर्चच्या परिषदेच्या वेळी २१ मार्चच्या आसपास असलेला संपात १५८२ पर्यंत ११ मार्चवर घसरला. म्हणून ४ ऑक्टोबर गुरुवारनंतर १५ ऑक्टोबर शुक्रवार केला, आणि पुढे ४०० वर्षांत तीन लीप दिवस गाळायचे ठरले. एवढं सगळे सांगतात. चंद्राचं कोणी सांगत नाही. १९ ज्युलियन वर्षं २३५ चांद्रमासांपेक्षा जवळपास दीड तासानं जास्त भरतात, ३१० वर्षांत दिवसभर. कोष्टकातली पौर्णिमा खऱ्या पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी यायला लागली होती, आणि ते तर नुसत्या डोळ्यांना दिसतं. लिलियस या इटालियन वैद्यानं त्यावर २५०० वर्षांत ८ दिवसांची वेगळी दुरुस्ती बसवली. अवघड काम ते होतं, दहा दिवस खोडणं नव्हे.

ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये बहुतेक ठिकाणी ईस्टरसाठी दोन्ही जुन्या चुका अजून चालू आहेत. तारखेत १३ दिवसांचा फरक, शिवाय चंद्र मागे. म्हणून २०२४ मध्ये कॅथलिकांचा ३१ मार्च आणि ऑर्थोडॉक्सांचा ५ मे, तर २०२५ मध्ये दोघांचा एकच दिवस. १९९७ मध्ये सीरियातल्या अलेप्पोत चर्चच्या बैठकीत प्रस्ताव झाला की जेरुसलेमच्या रेखावृत्तावरून खरा संपात, खरी पौर्णिमा धरू, २००१ पासून. कोणी धरली नाही.

चहा आलाय. जाता जाता एक गणित देतो. २०३८, सुवर्णांक ६, कोष्टकात १८ एप्रिल, वार रविवार. ईस्टर कधी ते मला चहाच्या टेबलाशी सांगा.